गोव्याचा उत्सर्जन-आलेख २०१२ ला का वाकतो? एका प्रबंधाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी तुम्ही गोव्याची १९९०-९१ ते २०२२-२३ अशी ३३ वर्षांची आकडेवारी जमवली आहे. समीकरणाच्या डाव्या बाजूला दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन, उजव्या बाजूला दरडोई राज्य उत्पन्न, त्याचा वर्ग, दरडोई वीजवापर आणि पर्यटकांची संख्या. आर-स्क्वेअर (समीकरण आकड्यांशी किती जुळते याचे माप) ०.९७, डर्बिन-वॉटसन (एका वर्षाची चूक पुढच्या वर्षाच्या चुकीशी जोडलेली आहे का याचे माप, २ च्या जवळ असावे) ०.६१. वर्गाचा सहगुणक ऋण आला, 'सिग्निफिकंट' आला, आणि वळणबिंदू २०११-१२ च्या उत्पन्नापाशी पडला. यावरून 'गोवा कुझनेट्स वक्राच्या उतारावर आला' असे लिहिता येईल का, आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात, पर्यटक ठेवावेत का, आणि मार्गदर्शकांना हवा असलेला 'प्रादेशिक' भाग कसा आणावा, हे तुमचे प्रश्न.

पहिल्याचे उत्तर आधी देतो: लिहू नका. चाचण्या कमी पडल्या म्हणून नव्हे. तुमचा वळणबिंदू ज्या वर्षी पडला ते वर्षच सांगते की आलेख उत्पन्नामुळे वाकलेला नाही. २०११-१२ हे गोव्यातल्या खाणी पूर्ण चाललेले शेवटचे आर्थिक वर्ष. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि स्थिर किमतींचे राज्य उत्पन्न त्यानंतर सलग दोन वर्षे घसरले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. पर्यावरणीय कुझनेट्स वक्राची कल्पना अशी आहे की माणसे श्रीमंत होतात, स्वच्छ हवा मागू लागतात, तंत्रज्ञान बदलते आणि उत्सर्जन उतरते. तुमच्या आकडेवारीत न्यायालयाच्या आदेशाने उत्पन्न आणि डिझेल दोन्ही एकदम खाली आले. द्विघाती समीकरणाला हा फरक कळत नाही. त्याला फक्त वाक दिसतो.

तेव्हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न 'वक्र आहे का' हा नाही. गोव्याचे उत्सर्जन म्हणजे नेमके कोणाचे, ते कशामुळे बदलले, आणि त्यातले किती गोव्याच्या हातात होते, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात. पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढच्या दोघांकडे जाता येत नाही.

हद्द कुठे आखायची

महाराष्ट्र किंवा गुजरातवर लिहिणाऱ्याला हा प्रश्न थोडा टाळता येतो, गोव्यावर लिहिणाऱ्याला अजिबात नाही. गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते: पश्चिम ग्रिडवरून छत्तीसगडातल्या कोर्बा किंवा विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून आणि दक्षिणेकडून रामगुंडममधून. सांकवाळचा ४८ मेगावॉटचा नाफ्थ्यावरचा (खनिज तेलापासूनच्या द्रव इंधनावरचा) प्रकल्प हा लहानसा अपवाद होता. धूर छत्तीसगडात निघतो, वातानुकूलन यंत्र कळंगुटला चालते. म्हणून राज्याच्या हद्दीत जे जळले तेवढेच मोजायचे ठरवले तर गोवा फार स्वच्छ दिसतो आणि वीजवापर दुप्पट झाला तरी आकडा हलत नाही. वापरलेल्या विजेमागचे उत्सर्जन धरले तर चित्र साफ बदलते, कारण गोव्याचा दरडोई वीजवापर देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास आहे.

दोन्ही हिशोब बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. दोन्ही मांडा, वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा आणि त्यांची बेरीज वेगळी दाखवा. तुमच्या प्रश्नात उत्सर्जनाची मालिका कुठून घेतली ते नाही. ती एखाद्या तयार राज्यनिहाय संचातून उचलली असेल, तर वीज कोणाच्या नावावर टाकली आहे हे सर्वात आधी तपासा. बहुतेक संच वीजनिर्मितीचे उत्सर्जन जिथे संयंत्र आहे त्या राज्यात दाखवतात. मग तुमच्या समीकरणात डावीकडे वीज नाही आणि उजवीकडे वीजवापर आहे, असा विचित्र प्रकार होतो.

कोळशाचेही असेच. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा मोठ्या प्रमाणावर रेल्वेने कुळे, कॅसलरॉकमार्गे कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्याची धूळ वास्कोकरांच्या वाट्याला येते, पण कार्बन गोव्याच्या खात्यात येत नाही. बंदराचे टनेज 'कोळशाचा वापर' म्हणून घेतलेले प्रबंध आहेत. तुमचा त्यांत नको. उलट आमोण्याच्या कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात जाणारा कोक खरोखर गोव्यातच वापरला जातो. तो मोजायलाच हवा आणि तो राहून जाण्याची शक्यता जास्त, कारण पेट्रोलियमच्या तक्त्यांत तो दिसत नाही. झुआरीनगरच्या खत कारखान्याकडे दोन कारणांनी लक्ष द्या. एक, तो नाफ्थ्यावरून नैसर्गिक वायूवर गेला, म्हणजे इंधनबदलाने उत्सर्जन उतरल्याचे गोव्यातले हे एक खरेखुरे उदाहरण आहे. दोन, युरियात बांधला गेलेला कार्बन (टनामागे ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड) खत शेतात पडल्यावर सुटतो, आणि ती शेते बहुतांशी गोव्याबाहेर आहेत. तो कारखान्याच्या आकड्यातून वजा करायचा असतो.

काजूच्या भट्ट्यांचे आणि घरांचे सरपण मोजायचे असेल तर जरूर मोजा, पण बेरजेत मिळवू नका. जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जा क्षेत्रात फक्त नोंदीपुरता वेगळा दाखवायचा असा संकेत आहे.

इंधनाचा हिशोब आणि त्यातले खड्डे

पेट्रोल, डिझेल, एलपीजी आणि विमानाचे इंधन यांची राज्यनिहाय विक्री केंद्राचा पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष हजार टनांत देतो. गुणांक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतले, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचे (आयपीसीसी) २००६ चे घ्या. उष्मांक आणि कार्बनप्रमाण यांचा गुणाकार करून टनामागे डिझेलला ३.१९, पेट्रोलला ३.०७, एलपीजीला २.९८ आणि विमान इंधनाला ३.१५ टन कार्बन डायऑक्साइड येतो. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमागे साधारण ४२ किलो. आकडे लिटरमध्ये मिळाले तर आधी घनतेने टनांत आणा. लिटरलाच किलो धरले तर डिझेलचा आकडा साधारण पाचव्या भागाने आणि पेट्रोलचा साधारण तिसऱ्या भागाने फुगतो.

हे सोपे काम झाले. अवघड भाग हा की विक्री म्हणजे वापर नव्हे, आणि गोव्यात हा फरक मोठा पडू शकतो. २०१२ च्या राज्य अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला गेला आणि लिटरमागे दहा-अकरा रुपये उतरले. सावंतवाडी, बांद्याकडची गाडी पत्रादेवी ओलांडून टाकी भरू लागली तर पेडण्याच्या पंपावरची विक्री वाढते, गोव्यातली वाहतूक वाढत नाही. वर्ष पुन्हा २०१२ च! म्हणजे खाणबंदीने डिझेल खाली आणि करकपातीने पेट्रोल वर, एकाच आर्थिक वर्षात. नुसत्या एकूण आकड्यात हे दोन्ही एकमेकांना काही अंशी खाऊन टाकतात. म्हणून इंधने कधीही एकत्र करून समीकरणात टाकू नका. पेट्रोलसाठी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या किमतीशी असलेला फरक हा वेगळा चल घ्या, आणि नोंदणीकृत दुचाकी-चारचाकींच्या संख्येशी विक्री ताडून पाहा.

डिझेलमध्ये आणखी एक फसवा दगड आहे. खाणकंपन्या पूर्वी घाऊक डिझेल थेट तेल कंपन्यांकडून घेत, त्यामुळे घाऊक विक्रीचा रकाना खाणींचा वापर म्हणून धरण्याचा मोह होतो. जानेवारी २०१३ पासून घाऊक ग्राहकांना बाजारभाव लागू झाला आणि देशभर घाऊक ग्राहक किरकोळ पंपांकडे वळले. त्यामुळे त्या सुमारास घाऊक रकाना कोसळलेला दिसतो त्यात खाणबंदीही आहे आणि किमतीचे धोरणही आहे. दोन्ही वेगळे काढायचे तर शेजारच्या, खाणबंदी नसलेल्या राज्यांत घाऊक रकाना किती पडला ते पाहून तेवढा भाग धोरणाचा मानता येतो. ढोबळ आहे, पण प्रामाणिक आहे.

विजेचा गुणांक

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा कार्बन डायऑक्साइड बेसलाइन डेटाबेस दरवर्षी ग्रिडचा सरासरी गुणांक देतो. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे. दोन गोष्टी जपा. दक्षिणेचे ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ ला उरलेल्या देशाशी जोडले गेले. त्याआधी दक्षिणेचा एक आणि बाकी सगळ्याचा दुसरा असे दोन गुणांक छापले जात. गोवा दोन्हीकडून वीज घेत असल्याने त्या वर्षांसाठी दोन्ही गुणांकांची, कोणत्या बाजूने किती वीज आली त्या प्रमाणात, भारित सरासरी काढावी लागते. ते प्रमाण गोव्याचे वीजदर ठरवणाऱ्या संयुक्त विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशांत केंद्रनिहाय वीजखरेदीच्या तक्त्यात मिळते. त्याच आदेशांत घरगुती, व्यापारी, कमी दाब, उच्च दाब अशी वर्गवार विक्रीही असते. वार्षिक अहवालांपेक्षा हे आदेश मला जास्त विश्वासाचे वाटतात, कारण आयोग आकडे तपासून मान्य करतो. मात्र 'मागणी केलेले', 'मान्य केलेले' आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष हिशोबाने पक्के केलेले 'ट्रू-अप' यांतले शेवटचे घ्यायचे.

दुसरे म्हणजे हा गुणांक संयंत्राच्या दारातल्या युनिटचा आहे, ग्राहकाच्या मीटरवरच्या युनिटचा नाही. मधली गळती वजा जाता जेवढा भाग मीटरपर्यंत पोचतो त्याने भागा. गळती १२ टक्के धरली तर ०.७२ भागिले ०.८८, म्हणजे मीटरवरच्या युनिटमागे ०.८२ किलो. हा टप्पा विसरला तर वीज-उत्सर्जन दहा-बारा टक्क्यांनी कमी दिसते, आणि गळती वर्षानुवर्षे कमी होत गेली असेल तर नुसती पातळी नाही, कलही चुकतो.

उत्पन्नाची मालिका

इथे थोडक्यात सांगतो. तुमच्या ३३ वर्षांत आधारवर्ष अनेकदा बदलले आहे. २००४-०५ आणि २०११-१२ च्या मालिका सामाईक वर्षाच्या गुणोत्तराने जोडायच्या, आणि शक्यतो क्षेत्रवार जोडून मग बेरीज करायची. एकूण आकडा थेट जोडला तर खाणींचा बदलता वाटा गिळला जातो. चालू किमती अजिबात वापरू नका. चीनच्या मागणीने २०१० च्या आसपास लोहखनिजाचे भाव चढले होते. चालू किमतीत त्या वर्षांची ऊर्जा-तीव्रता (उत्पन्नामागे लागलेली ऊर्जा) उगाच कमी दिसेल, जणू गोव्याने कमी इंधनात जास्त उत्पादन केले. मालिका मागे न्यायची असेल तर ३० मे १९८७ च्या पलीकडे जाताना 'गोवा, दमण व दीव' असा एकत्र आकडा असतो हे विसरू नका. लोकसंख्येसाठी २०११ नंतर जनगणना नाही, प्रक्षेपणे आहेत. म्हणून दरडोई आकड्यांबरोबर एकूण आकड्यांवरही तेच समीकरण चालवून निष्कर्ष टिकतो का ते पाहा.

समीकरणात काय बिघडले आहे

आर-स्क्वेअर ०.९७ आणि डर्बिन-वॉटसन ०.६१ हे एकत्र पाहिले की चाचणी न करताही शंका यायला हवी. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले होते की एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या, पण स्थिर नसलेल्या (रँडम वॉकसारख्या भरकटत जाणाऱ्या) दोन मालिका एकमेकींवर टाकल्या तर बरेचदा असाच निकाल येतो. आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा असला की नाते आभासी असण्याचा संशय घ्यायचा, हा जुना अंगठानियम आजही उपयोगी आहे.

त्याहून गंभीर गोष्ट चलांच्या निवडीत आहे. उत्सर्जन तुम्ही वीज आणि इंधन गुणिले गुणांक असे काढणार, आणि उजवीकडे पुन्हा वीजवापर ठेवणार. मग समीकरण अर्धे-अधिक आपलीच व्याख्या स्वतःला परत सांगत असते. विजेचा सहगुणक छान 'सिग्निफिकंट' येतो तो यामुळे, आणि उत्पन्नाच्या सहगुणकाचा अर्थही पालटतो: 'वीजवापर तेवढाच राहून उत्पन्न वाढले तर'. या प्रश्नाला धोरणात फारसा अर्थ नाही. ऊर्जा उजवीकडून काढा.

मार्गदर्शक आता 'एआरडीएल बाउंड्स' करा म्हणतील, म्हणजे मागच्या वर्षांची मूल्ये समीकरणात घेऊन मालिकांत दीर्घकालीन नाते आहे का ते तपासणारी चाचणी. पद्धत वाईट नाही. पेसरान, शिन आणि स्मिथ यांची २००१ ची ही चाचणी काही मालिका पातळीवर स्थिर आणि काही पहिल्या फरकानंतर स्थिर असल्या तरी चालते. पण हिशोब करा. चार स्वतंत्र चल, प्रत्येकी दोन वर्षांचे लॅग (मागच्या वर्षांची मूल्ये): स्वतःचे २, इतरांचे ४ गुणिले ३ म्हणजे १२, एक स्थिरांक, खाणबंदी-कोविडचे तीन डमी (त्या वर्षांना १, बाकीच्यांना ० असे चल). एकूण १८ सहगुणक, आणि लॅगमुळे निरीक्षणे उरली ३१. स्वातंत्र्याच्या तेरा अंशांवर, म्हणजे सहगुणक काढून उरलेल्या तेरा निरीक्षणांवर, काहीही सिद्ध होऊ शकते. करायचीच असेल तर दोनच स्वतंत्र चल ठेवा, एकच लॅग ठेवा आणि मर्यादामूल्ये लहान नमुन्यासाठीची, नारायण यांची २००५ ची, घ्या. मूळ तक्त्यातली मूल्ये मोठ्या नमुन्याची आहेत आणि ती वापरली तर कोइंटिग्रेशन (मालिकांमधले दीर्घकालीन नाते) आहे असे खोटेच दिसण्याची शक्यता वाढते. एकक मूळ, म्हणजे मालिका अस्थिर आहे का, तपासताना साधी डिकी-फुलर चाचणी पुरेशी नाही. २०१२ च्या तुटीमुळे, म्हणजे पातळीत अचानक पडलेल्या खंडामुळे, स्थिर मालिकाही अस्थिर भासते. झिव्हॉट-अँड्र्यूजसारखी एक तूट धरणारी चाचणी जोडा. तिने स्वतःहून २०१२-१३ च्या आसपास तूट शोधली तर तुमच्या मुद्द्याला बळच येईल.

वर्गाबद्दलही एक गोष्ट. उत्पन्न जर पहिल्या फरकानंतर स्थिर होणारे असेल तर त्याचा वर्ग तसाच वागेल असे नाही, आणि नेहमीची कोइंटिग्रेशन मूल्ये मग लागू होत नाहीत. शिवाय वळणबिंदूचा आकडा एकटा कधीच छापू नका. डेल्टा पद्धतीने (सहगुणकांच्या चुकांवरून) त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे तो कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो ते, काढा. तुमच्या आकड्यांवर ती इतकी रुंद येईल की निम्मा कालखंड तिच्यात बसेल, असा माझा अंदाज.

त्याऐवजी काय करावे

आधी विघटन करा. त्यात अनुमानच नाही, नुसती फोड आहे. म्हणून लहान नमुन्याचा प्रश्नच येत नाही. काया यांचे समीकरण प्रसिद्ध आहे: उत्सर्जन = लोकसंख्या × दरडोई उत्पन्न × उत्पन्नामागे ऊर्जा × ऊर्जेमागे कार्बन. दोन वर्षांतला फरक या घटकांत वाटायला लॉगरिदमिक सरासरीची पद्धत, म्हणजे एलएमडीआय वापरा, कारण तिच्यात शिल्लक उरत नाही.

निव्वळ समजावण्यासाठी घेतलेले आकडे असे: वीज-उत्सर्जन २० लाख टनांवरून २६ लाख टन झाले, राज्य उत्पन्नाचा निर्देशांक १०० वरून १६०, ग्रिडचा गुणांक ०.८० वरून ०.७२. लॉगरिदमिक सरासरी = फरक ६ भागिले १.३ चा नैसर्गिक लॉग ०.२६२४, म्हणजे २२.८७. वाढीचा परिणाम २२.८७ × लॉग १.६ = +१०.७५ लाख टन. गुणांकाचा परिणाम २२.८७ × लॉग ०.९ = −२.४१. वीज किती वाढली? उत्सर्जन १.३ पट, गुणांक ०.९ पट, म्हणून वीज १.४४ पट, उत्पन्नामागे वीज ०.९०३ पट, परिणाम −२.३४. बेरीज बरोबर ६.

आता यातले −२.४१ पाहा. ही घट गोव्याची कमाई नाही. राजस्थानात सौर प्रकल्प उभे राहिले, गुजरातेत पवनचक्क्या फिरल्या, म्हणून ग्रिड स्वच्छ झाले. गोव्याचा स्वतःचा बदल तो −२.३४, आणि त्यातही कारखान्यांची कार्यक्षमता किती आणि अर्थव्यवस्थेची रचना बदलल्याचा भाग किती ते अजून वेगळे काढायचे आहे. त्यासाठी वीज घरगुती, व्यापारी व हॉटेल, आणि उद्योग अशा तीन खणांत मोडा. उद्योगात कुंकळ्ळीच्या पोलाद रोलिंग मिल आणि वेर्ण्याची औषधनिर्मिती यांना एकाच खणात ठेवणे मला पटत नाही. एका रुपयाच्या मूल्यवर्धनामागे दोघांची वीज फार वेगळी आहे. पण वर्गवार विक्री एवढी खोल जात नसेल तर तीन खणांवर थांबा आणि तसे लिहा. घरगुती खणाला उत्पन्नाचे क्षेत्र नसते, त्याला लोकसंख्येने किंवा ग्राहकसंख्येने भागा.

फोड २०११-१२ ते २०१३-१४, २०१३-१४ ते २०१७-१८ आणि २०१७-१८ ते २०१९-२० अशा टप्प्यांत करा, कोविडचे वर्ष वेगळे. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची थेट तुलना केली तर खाणबंदीची दोन्ही आवर्तने त्यात बुडून जातात.

प्रादेशिक भाग

अभ्यासकाळातल्या दोन जिल्ह्यांवर काहीही होणार नाही. बारा तालुक्यांवर मात्र होईल, आणि खाणबंदी हाच तुमचा नैसर्गिक प्रयोग. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि केपे एका बाजूला, उरलेले सात दुसऱ्या बाजूला. तालुक्याचे उत्पन्न छापले जात नाही, म्हणून पर्याय उपग्रहावरून मोजलेला रात्रीचा प्रकाश.

व्हीआयआयआरएस या उपग्रह-संवेदकाच्या मासिक प्रतिमा एप्रिल २०१२ पासून मिळतात. म्हणजे पहिल्या बंदीआधीचे जेमतेम पाच महिने हाती, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पावसाळी ढगांखाली. पहिल्या बंदीसाठी त्या निरुपयोगी आहेत. त्याआधीच्या, जुन्या डीएमएसपी उपग्रहांच्या वार्षिक प्रतिमांची मूळ मालिका २०१३ ला संपते आणि त्या पणजी-मडगावसारख्या भागात प्रकाशाची कमाल गाठून तिथेच अडकतात. तेव्हा अभ्यास दुसऱ्या, मार्च २०१८ च्या बंदीचा करा. पण निष्कर्ष लिहिताना भाषा जपा: तुम्ही 'खाणी असणे विरुद्ध नसणे' मोजत नसून 'मर्यादित खाणकाम विरुद्ध बंदी' मोजत आहात. शिवाय जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने आधीच काढून ठेवलेल्या, रॉयल्टी भरलेल्या खनिजाची वाहतूक करू दिली, त्यामुळे नंतरचा काळ निखळ बंदीचा नाही. मार्च २०१८ ते डिसेंबर २०१९ हा मुख्य कालखंड ठेवा. कोविड आपोआप बाहेर राहतो.

कुठे बिघडते ते सांगतो. जून ते सप्टेंबर वगळा. ढगांनी गाळलेल्या महिन्यांची सरासरी काही रात्रींवरच उभी असते. पेडण्यातून मोपा विमानतळाच्या बांधकामाचा भाग काढून टाका, नाहीतर तुलनेचा तालुका उगाच उजळतो. राष्ट्रीय महामार्गाच्या कामांकडेही बघा. पथदिवे एलईडीवर गेले की उपग्रहाला प्रकाश कमी झाल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या संवेदकाला निळा भाग दिसत नाही. कोणत्या पंचायतीत दिवे कधी बदलले याची तारीख मिळवा. ट्रकमालक फक्त खाणतालुक्यांत राहत नव्हते आणि बार्ज मांडवी-जुवारीतून मुरगावला जात, म्हणजे फोंडा, तिसवाडी, मुरगाव हे तालुकेही थोडे 'बाधित' आहेत. त्यांना वगळून एकदा आणि धरून एकदा, असे दोन निकाल द्या. वगळलेल्या निकालात परिणाम मोठा दिसला तर तो या तालुक्यांत झिरपल्याचा अंदाज बरोबर होता.

बारा गटांवर नेहमीची क्लस्टर प्रमाणित चूक (तालुक्यागणिक गट धरून काढलेली अनिश्चितता) विश्वासार्ह नसते. बारातून कोणतेही पाच निवडण्याचे ७९२ मार्ग आहेत. प्रत्येक निवडीला 'खाणतालुके' मानून समीकरण चालवा आणि खरा आकडा त्या ७९२ मध्ये कितवा येतो ते सांगा. संगणकाला काही मिनिटांचे काम आहे, आणि परीक्षकाला समजावायलाही सोपे.

राज्यपातळीवर डिझेलसाठी सिंथेटिक कंट्रोल, म्हणजे इतर राज्यांच्या भारित सरासरीतून 'बंदी नसलेला गोवा' उभा करणे, करता येईल, पण त्या दाता राज्यांतून कर्नाटक वगळा. बळ्ळारीची खाणबंदी २०११ चीच. ओडिशा आणि झारखंडही जपून. गोव्याचे दरडोई उत्पन्न इतके वर आहे की इतर राज्यांच्या सरासरीने त्याची पातळी गाठताच येत नाही, म्हणून पातळीऐवजी २०११-१२ = १०० असा निर्देशांक वापरा.

पर्यटक

पर्यटकसंख्या उजव्या बाजूला टाकण्यापेक्षा भाजकात घ्या. २०१९ मध्ये सुमारे ८० लाख पर्यटक आले. सरासरी मुक्काम चार रात्री धरला तर ३.२ कोटी रात्री, म्हणजे रोजचे साधारण ८८ हजार जादा रहिवासी. पंधरा लाखांच्या लोकसंख्येत जेमतेम सहा टक्के. मुक्कामाची लांबी बदलून पाहा, तीन रात्री, सहा रात्री. दरडोई आकडा किती हलतो ते लगेच कळेल. फार हलत नाही. पण हॉटेलातला माणूस घरातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वीज वापरतो, आणि ते डोकी मोजून सापडत नाही; ते व्यापारी वर्गाच्या विक्रीत, एप्रिल-मे आणि डिसेंबरच्या महिन्यांत सापडते. विमानाचे इंधन दाबोळीत भरले तरी आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा भाग संकेताने राष्ट्रीय बेरजेबाहेर असतो. देशांतर्गत भाग वेगळ्या ओळीत दाखवा. जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू आहे, त्यामुळे २०२२-२३ ची ओळ दोन्ही विमानतळांची मिळून आहे ना, ते पाहून घ्या.

वेळ कमी असेल तर कामाचा क्रम असा ठेवा: हद्दीचा तक्ता, मग इंधन आणि वीज यांच्या दोन स्वतंत्र मालिका, मग टप्प्यांतले विघटन, शेवटी तालुक्यांचा अभ्यास. तुमचे मूळ द्विघाती समीकरण फेकू नका, परिशिष्टात ठेवा. २०१२-१३ पासूनची वर्षे वगळून ते पुन्हा चालवा आणि दोन्ही निकाल शेजारी छापा. वर्गाचा सहगुणक तिथे धन झाला किंवा शून्यापासून वेगळा राहिला नाही, तर वाक कुठून आला होता हे परीक्षकाला त्या एका तक्त्यात दिसेल.